रस्त्यांचे गुणपत्रक: एका सर्वेक्षण-सेवेचा तीन पावसाळ्यांचा अनुभव

आमच्या नगर परिषदेने २०२३ च्या उन्हाळ्यात रस्त्यांचे सर्वेक्षण आणि देखभालीचे नियोजन करून देणारी एक संगणकीय सेवा वार्षिक वर्गणीवर घेतली. त्या वेळी मी बांधकाम विभागात अभियंता होतो आणि सेवेची शिफारस करणाऱ्या टिपणीवर माझीही स्वाक्षरी होती, त्यामुळे पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतील काही वाटा माझ्याकडेही येतो. नुकताच सेवानिवृत्त झालो आहे. मराठवाड्यातील नगर परिषदा आणि नगरपंचायतींमध्ये अशा कंपन्यांचे प्रतिनिधी सध्या सादरीकरणे घेऊन फिरत असतात आणि ओळखीचे अभियंते फोन करून "घ्यावी का?" असे विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. कंपनीचे नाव देत नाही, कारण माझे बरेचसे आक्षेप त्या कंपनीपेक्षा या पद्धतीबद्दलच आहेत.

सेवेचे स्वरूप असे. टपावर कॅमेरा आणि पुढच्या काचेला आतून मोबाइल बसवलेली एक साधी जीप तीन-चार दिवस शहरभर फिरते. कॅमेरा रस्त्याची छायाचित्रे घेतो, मोबाइल गाडीला बसणारे हिसके नोंदवतो आणि प्रत्येक नोंदीसोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश साठवले जातात. नंतर संगणक प्रत्येक रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडून छायाचित्रांतील भेगा, खड्डे आणि ठिगळे ओळखतो व प्रत्येक तुकड्याला शंभरपैकी गुण देतो. ही शंभर गुणांची पद्धत मूळची अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची असून तिची आखणी १९७० च्या दशकात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी झाली. रस्त्यांना ती नंतर लागू झाली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ८२ या संहितेच्या २०१५ च्या सुधारित आवृत्तीतही भेगा, खडी सुटणे, खड्डे, ठिगळे, खचणे आणि चाकोरीची खोली यांवरून १ ते ३ असे गुण देण्याची सोपी रीत दिलेली आहे, आणि तीत महामार्ग, ग्रामीण रस्ते व शहरी रस्ते यांचे निकष वेगवेगळे ठेवले आहेत. कंपनीने दोन्ही पद्धतींचे आकडे दिले, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. दुसरा आकडा मात्र आमच्याकडे कोणी उघडूनही पाहिला नाही. शंभरपैकी किती, हे सगळ्यांना शाळेपासून कळते.

वर्गणीचे निम्म्याहून अधिक पैसे पहिल्या पंधरवड्यातच वसूल झाले असे मी मानतो, आणि ते गुणांमुळे नव्हे तर यादीमुळे. शेताला सातबारा असतो, घराला मालमत्ता कराचा क्रमांक असतो, पण गावातल्या रस्त्याची अशी एकच ओळख कुठे नसते. आमच्या शहरातील काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडून आलेले, काही हद्दवाढीत जिल्हा परिषदेच्या ग्रामीण मार्गांसह आपोआप आत शिरलेले, तर काही मंजूर रेखांकनांतील असे होते की भूखंडधारकांनी घरे बांधली, नगर परिषदेने नळ दिले, पण रस्त्याचे रीतसर हस्तांतरण कधी झालेच नाही. एकाच रस्त्याला एका फाईलमध्ये "मोंढा ते रेल्वे स्टेशन", दुसरीत एका दिवंगत पुढाऱ्याचे नाव आणि तिसरीत केवळ प्रभाग क्रमांक, अशी अवस्था होती. सर्वेक्षणानंतर प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला आणि जुन्या फाईलींतील कामे नकाशावर बसवताना, मंजुरीच्या वाटेवर असलेल्या दोन अंदाजपत्रकांत जवळजवळ दीडशे मीटर लांबी एकमेकांवर चढलेली आढळली. निविदा निघण्यापूर्वी ती दुरुस्त करता आली. त्यामागे लबाडी असेल असे मला वाटत नाही. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या टोकांपासून साखळी, म्हणजे रस्त्यावरचे अंतर, मोजली होती, इतकेच.

यादीचा दुसरा लाभ दोषदायित्व कालावधीचा, म्हणजे काम झाल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीचा. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पहिल्या पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते, आणि अलीकडे तिचे देयक ई-मार्ग प्रणालीतून रस्त्याची स्थिती पाहून निघते. नगर परिषदेच्या कामांना ती शिस्त नाही. करारात कालावधी लिहिलेला असतो, अनामत रक्कमही रोखून धरलेली असते, परंतु तो कालावधी कोणत्या तारखेला संपतो हे त्या एका फाईलशिवाय कुठेही नोंदलेले नसते, आणि ती फाईल हवी तेव्हा हमखास लेखापरीक्षणाला गेलेली असते. या सेवेत कार्यपूर्तीची तारीख भरली की तो तुकडा नकाशावर जांभळ्या कडेने दिसतो आणि मुदत संपण्याच्या तीन महिने आधी सूचना येते. गणपतीच्या तोंडावर खड्डे बुजवण्याची घाई सुरू झाली तेव्हा आमच्या पॅचवर्कच्या यादीतील अनेक ठिकाणे जांभळी निघाली. त्याआधीच्या वर्षांत त्याच रस्त्यांवर आम्ही स्वतःच्या खर्चाने डांबर ओतले असणार, हे त्या दिवशी लक्षात आले आणि कोणी फारसे बोलले नाही.

गुणांविषयी आता तक्रारी. यंत्राला रस्ता वाचता येतो, पण गाव वाचता येत नाही. कडुनिंबाच्या फांद्यांची सावली त्याला जाळीदार भेगांसारखी दिसते आणि पाण्याने भरलेला खड्डा त्याला सपाट वाटतो. २०२४ च्या ऑक्टोबरातील सर्वेक्षणात शहराबाहेर जाणाऱ्या एका रस्त्याच्या कडेचे सलग आठ तुकडे "विस्तृत ठिगळ" म्हणून लाल झाले. मी छायाचित्रे उघडून पाहिली, तर शेतकऱ्यांनी वाळत घातलेले सोयाबीन होते. एका चित्रात रास उलथणाऱ्या बाईने कॅमेऱ्याकडे पाहून कपाळावर हात आडवा धरलेला होता. सेवेच्या पडद्यावरील मजकुराचे मराठी भाषांतर तर कोणी तरी यंत्राकडून करून घेऊन तसेच सोडून दिले होते. उन्हाळ्यात जादा डांबर वर येऊन रस्ता चकाकू लागतो, त्या दोषाला इंग्रजी परिभाषेत जो शब्द आहे त्याचे शब्दशः रूपांतर झाल्याने आमच्या बसस्थानक रस्त्यापुढे "रक्तस्राव: मध्यम" अशी नोंद आली आणि मुख्याधिकाऱ्यांनी ती अपघाताची समजून मला बोलावून घेतले. कळवल्यावर कंपनीने हे दोष दुरुस्त केले, पण प्रत्येक दुरुस्तीला महिना लागला, आणि मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर मराठीत बोलणारे माणूस आठवड्यातून दोनच दिवस मिळे.

असे दोष हाताने काढून टाकता येतात, त्यामुळे मी त्यांना फार महत्त्व देत नाही. खरा दोष समजायला आम्हाला तीन पावसाळे लागले.

पहिले सर्वेक्षण मे २०२३ मध्ये झाले आणि दुसरे त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर. दोन्हींची तुलना केली तर शहराची सरासरी जवळजवळ जिथल्या तिथे होती. आम्ही ती बैठकीत मांडली, वेळेवर केलेल्या देखभालीचे हे फळ आहे असे सांगितले आणि प्रशासकांनी विभागाचे अभिनंदन केले. त्या वर्षी मराठवाड्यात ऑगस्ट कोरडा गेला होता, खरीप करपला होता आणि पुढे अनेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, याचा आणि आमच्या सरासरीचा काही संबंध असेल हे त्या बैठकीत कोणालाही सुचले नाही, मलासुद्धा नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच अतिवृष्टी झाली आणि ऑक्टोबरच्या गुणपत्रकात असे रस्ते कोसळले जे आधीच्या दोन्ही सर्वेक्षणांत "उत्तम" होते. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरपासून नांदेडपर्यंत जे पूर आले त्यानंतर तर गुण पाहण्याचीही गरज उरली नव्हती.

मुद्दा असा की आपल्याकडचे रस्ते वरून कमी आणि खालून जास्त खराब होतात. २०२४ च्या यादीत दोन रस्त्यांना नेमके सारखे, बासष्ट गुण होते आणि दोन्हींसाठी सेवेने सारखाच उपाय सुचवला होता: ४० मिलिमीटर जाडीचा नवा डांबरी थर. एक रस्ता तहसील कार्यालयासमोरचा. तिथले डांबर उन्हाने करपून पांढरट झाले होते, वरची बारीक खडी सुटत होती, पण पहार मारली की आवाज खणखणीत येई. दुसरा बसस्थानकामागचा, तिथे चाकांच्या पट्ट्यात जाळीदार भेगा पडल्या होत्या आणि कडेची नाली दोन ठिकाणी तुंबलेली होती. तिथे मुकादमाकडून मीटरभर लांबी-रुंदीचा चाचणी खड्डा घेतला. वर २० मिलिमीटरचे कारपेट (डांबर-खडीचा पातळ थर) आणि सीलकोट (फटी बुजवणारा डांबरी लेप), त्याखाली जुने कारपेट, त्याखाली आणखी जुने. तीन नगराध्यक्षांच्या कारकिर्दी एकावर एक रचलेल्या. त्याखालच्या खडीच्या फटींत माती चढून बसली होती. मुरमाचा थर खड्ड्याच्या एका बाजूला चार बोटे होता, दुसऱ्या बाजूला नव्हताच. मग काळी माती लागली. पाऊस उघडून आठ-दहा दिवस झाले होते, तरी ती इतकी ओली होती की फावड्याला चिकटून राही आणि प्रत्येक खेपेला खुरप्याने खरवडून काढावी लागे. मुकादमाने तिचा गोळा मुठीत दाबला, तो बोटांच्या फटींतून वर आला. "साहेब, ह्याच्यावर कितीबी डांबर टाका, ह्ये बसनारच," तो म्हणाला.

मराठवाड्याची काळी माती पाणी प्याल्यावर फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, पण रस्त्याच्या अंदाजपत्रकात ते फारसे उतरत नाही. भिजवलेल्या नमुन्यावर तिची भारवहनक्षमता मोजली तर तिचा आकडा, म्हणजे सीबीआर, सहसा २ ते ४ टक्क्यांच्या आतच निघतो, म्हणून काळ्या मातीवर रस्ता बांधताना ६० सेंटिमीटर ते १ मीटर जाडीचा न फुगणारा थर आधी द्यावा, अशी शिफारस संहितांमध्ये आढळते. जुन्या गावठाणातल्या गल्लीत एवढे खोदायचे म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांची जोती उघडी पाडायची, त्यामुळे तिथे ते शक्य नाही. मग आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी त्या मातीपर्यंत पोहोचू न देणे. रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार, म्हणजे सात मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सात ते नऊ सेंटिमीटर उंच, बाजूपट्टी रस्त्यापेक्षा खाली, नाली वाहती, नळजोडण्यांची गळती बंद. या चारपैकी एकही गोष्ट त्या सेवेच्या गुणांमध्ये मोजली जात नाही. तहसीलच्या रस्त्याला सीलकोट पुरेसा होता आणि बसस्थानकामागे आधी नाली, मग गळती, मग खडीचा थर काढून पुन्हा भरणे आवश्यक होते. बासष्ट या आकड्यातून हा फरक कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

रस्त्याच्या पोटातली ताकद मोजण्याची साधने नाहीत असे नाही. भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली रस्ता किती लवतो हे मोजणाऱ्या बेंकलमन बीमची पद्धत आयआरसी ८१ मध्ये आहे, तर वजन आपटून रस्ता किती दबतो हे मोजणाऱ्या उपकरणाची पद्धत २०१४ च्या आयआरसी ११५ मध्ये. कंपनी दुसरी चाचणी वेगळ्या दराने करून देते. तो दर महामार्गांना परवडणारा आहे. नगर परिषदेने निवडक चार-पाच ठिकाणी चाचणी खड्डे घेतले तरी पुरते, कारण खड्ड्याला मुकादम, पहार आणि अर्धा दिवस एवढेच लागते.

काँक्रीटच्या रस्त्यांबाबत गुण याहूनही फसवे आहेत. अलीकडे गल्ल्यांमध्ये सरसकट काँक्रिटीकरण होते आणि यंत्र त्यांना नव्वदीपार गुण देते. जुन्या रस्त्यावरच नवे काँक्रीट ओतल्याने रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर गेला आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागले, तरी गुण नव्वदीपारच राहतात. सांध्यांची काप उशिरा घेतल्याने पडलेल्या वेड्यावाकड्या भेगा कॅमेरा टिपतो. सांध्यांत डांबरी भरणा आहे की नुसती माती, हे टिपत नाही.

जड वाहतुकीचा विषय सेवेने नुसता स्पर्शून सोडला आहे. प्रत्येक रस्त्यापुढे वाहतुकीचा एक रकाना असतो. माहिती भरली नाही तर तिथे आपोआप "हलकी" असे येते. आमच्या भागात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जातात आणि वाळूचे, खडीचे हायवा (मोठे टिपर ट्रक) वर्षभर असतात. जीप मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात दिवसा येते, तेव्हा यांतले फारसे काही रस्त्यावर नसते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात ट्रक फिरवून घेतलेल्या मोठ्या चाचणीतून असे दिसले की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार जेमतेम तेरा टक्के वाढला, पण त्या नियमाने हिशेब केला तर एका आसाकडून होणारे नुकसान सुमारे १.६ पट होते, आणि हे कायदा पाळणाऱ्या वाहनाबद्दल. शेवटी आम्ही दोन रात्री नाक्यावर दोन मुले बसवून मोजणी करून घेतली व आकडे हाताने भरले. तेव्हा कुठे कारखान्याकडे जाणारा रस्ता यादीत वर आला.

प्राधान्यक्रमाबाबत मात्र सेवेचे तत्त्व बरोबर आहे आणि आपली सवय चूक आहे, असे मला अजूनही वाटते. ती सर्वांत खराब रस्त्यापासून सुरुवात करत नाही. जो रस्ता अजून चांगला आहे पण दोन वर्षांत ढासळेल, त्याला आज थोडक्यात सावरा, असे सांगते. वेळेवरचा सीलकोट स्वस्त असतो आणि रस्ता पार उखडल्यावर करावे लागणारे मजबुतीकरण त्याच्या कित्येक पट महाग, हे कोणताही अभियंता मान्य करील. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव असल्याने रस्त्यांना उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांत इतर सगळ्या मागण्यांशी भांडावे लागे, अशा वेळी तर हा हिशेब अधिकच महत्त्वाचा. पण हा हिशेब लोकांपुढे मांडण्याचे काम सेवा करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते, आणि तिथे मी कमी पडलो.

निवडणुका रखडल्याने त्या वेळी सभागृह नव्हते, पण एक माजी नगरसेविका ताई दर आठवड्याला कार्यालयात येत. आम्ही तहसीलच्या रस्त्यावर सीलकोट सुरू केला त्या दिवशी त्या थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "चांगल्या रस्त्यावर डांबर टाकायलात साहेब, अन् आमच्या गल्लीत चिखल तुडवायचा?" मी पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि त्यांच्या प्रभागाची सरासरी शहरात सर्वाधिक आहे, हे दाखवले. त्यांनी नकाशाकडे बराच वेळ पाहिले. मग एका करड्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारले, "ही आमची गल्ली. हिला रंग का नाही?" करडा रंग म्हणजे सर्वेक्षण न झालेला रस्ता. तीन मीटरपेक्षा अरुंद गल्लीत जीप शिरत नाही, म्हणून त्या प्रभागातला एकच मुख्य रस्ता मोजला गेला होता आणि त्या एका रस्त्याच्या गुणांवर सगळा प्रभाग पहिला आला होता. "तुमची गाडी आलीच नाही, तर आमची गल्ली पास का नापास हे कुणी ठरवलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. जुन्या गावठाणातील बहुतेक गल्ल्या अशाच करड्या होत्या आणि ज्या माणसांना वाहन परवडत नाही ती सगळी तिथेच राहतात.

पदपथांचा घोळ याहून मजेदार आहे. माहितीपत्रकात "पेव्हमेंट" असा शब्द होता. अभियंत्याच्या भाषेत त्याचा अर्थ रस्त्याचे थर, तर कार्यालयातल्या लिपिकाच्या शब्दकोशात पदपथ. ठरावात "रस्ते व पदपथ यांचे सर्वेक्षण" असे उतरले, देयक मंजूर झाले आणि पदपथ कोणीच मोजले नाहीत. कंपनी म्हणे करारात नाही, आमचा विभाग म्हणे ठरावात आहे. अखेरीस तंत्रनिकेतनाच्या मुलांना टेप आणि तक्ते देऊन मुख्य रस्त्याचे पदपथ पायी मोजून घेतले. २०१२ च्या आयआरसी १०३ प्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मुलांनी आणलेल्या तक्त्यांत रुंदीचा रकाना बहुतेक ठिकाणी नीट भरला होता, शेऱ्याच्या रकान्यात मात्र पानटपरी, रोहित्र, फलकाचा खांब, पुन्हा पानटपरी, असे होते. त्याच मुलांनी गल्ल्याही चालून पाहिल्या. त्यांच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला होता: पाऊस पडल्यावर पाणी कुठे जाते. मुलांना ते दिसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी दारात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारून तो भरला. शहराच्या रस्त्यांविषयी माझ्या हाती आलेली सर्वांत उपयोगी माहिती ती होती आणि तिला एक पैसाही लागला नाही.

सेवेचा एक भाग चांगला असूनही आम्ही वापरला नाही, तो खोदाई परवानगीचा. नळयोजनेची वाहिनी, भुयारी गटार, दूरसंचाराची तार, प्रत्येकाला रस्ता फोडायचा असतो. कोणी, कधी, किती लांबी फोडली आणि पुनर्भरणाचे शुल्क भरले का, हे सगळे नकाशावर नोंदवण्याची सोय तिथे आहे. चर मुरमाने थराथराने दाबून भरायची असते. प्रत्यक्षात निघालेली काळी मातीच परत लोटली जाते आणि पहिल्याच पावसात चर बसते. नोंद असती तर निदान कोणाला नोटीस द्यायची हे कळले असते. आमच्याकडे परवानग्या पाणीपुरवठा विभाग कागदावर देत राहिला. यात दोष कंपनीचा नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एका वर्षी वर्गणीचे देयक दोन महिने रखडले तेव्हा सेवा बंद झाली, आणि आम्ही आमचीच माहिती मागितली तर पीडीएफ फाईली मिळाल्या, ज्यांत नकाशा होता पण तो कुठेही जोडता येत नव्हता. रस्ते नगर परिषदेचे, नावे-क्रमांक आम्ही बसून ठरवलेले, तारखा आमच्या फाईलींतल्या, आणि त्यांची चावी दुसऱ्याकडे. जे ही सेवा घेऊ इच्छितात त्यांनी करारात तीन अटी आधी लिहून घ्याव्यात: सर्व माहिती दर सहा महिन्यांनी एक्सेलमध्ये आणि नकाशाच्या खुल्या स्वरूपात मिळावी, जेणेकरून ती क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत प्रणालीतही उघडता येईल, गल्ल्यांचे सर्वेक्षण दुचाकीवरून किंवा पायी व्हावे, आणि दरवर्षीचे सर्वेक्षण पावसाळा संपल्यावर एकाच पंधरवड्यात व्हावे, नाही तर उन्हाळ्यातले गुण आणि पावसानंतरचे गुण यांची तुलना होऊन आमच्यासारखीच फसगत होईल.

पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास मी यादी आणि दोषदायित्वाच्या सूचनांसाठी साडेचार, रस्त्यांच्या गुणांकनासाठी दोन आणि मदत-सेवेसाठी दीड देईन. महानगरपालिका किंवा मोठी नगर परिषद असेल तर या अटींसह सेवा घ्यावी. वीस-पंचवीस किलोमीटर रस्ते असलेल्या नगरपंचायतीने घेऊ नये. तिथे एक बांधीव नोंदवही, टेप, मोबाइलचा कॅमेरा आणि पावसात छत्री घेऊन फिरणारा एक कनिष्ठ अभियंता पुरेसा आहे.

निवृत्तीच्या आठवड्यात मी संपूर्ण यादी छापून, बांधून घेतली आणि मोजमाप पुस्तकांच्या कपाटात ठेवली. ताईंच्या गल्लीची नाली २०२५ च्या मे महिन्यात मुख्य नाल्याला जोडली होती, रस्ता मात्र निधीअभावी तसाच आहे. यादीत त्या ओळीपुढे गुणांचा रकाना रिकामा आहे, आणि "पाणी कुठे जाते" या रकान्यात त्यांनी स्वतः पेनाने लिहिले आहे: आता नाल्यात.